मेंढरू उतरायचं कुठनं?

२ मे, रात्र

आत्ताच कराडकडून शेवटच्या एस.टी.नं परत आले. पाय भरून आलेत, तरी झोपायच्या आधी लिहून ठेवते. उद्यापर्यंत यातलं निम्मं निसटून जाईल.

आमच्या पाझर तलावातला गाळ यंदा दुसऱ्यांदा काढायचा आहे. गेल्या उन्हाळ्यात काढला तेव्हा बैठकीला आम्ही पाच जण होतो. सरपंच, दोन बागायतदार, नुकताच सिव्हिल इंजिनिअर झालेला माझा पुतण्या आणि पाणी समितीची सचिव म्हणून मी. चाळीस मिनिटांत ठराव झाला, तोही एकमतानं. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटलं होतं. पोकलेन अकरा दिवस चालला, भादव्यात तळं भरलं, बायकांनी पाण्याची ओटी भरली. आणि दसऱ्याच्या आधी धनगर मामांची तीन मेंढरं त्याच तळ्यात बुडाली.

जास्त गाळ मिळावा म्हणून आम्ही काठ माणूसभर उभा कातरला होता. पाणी प्यायला वाकलेलं पहिलं मेंढरू घसरलं, मागची दोन त्याच्या मागोमाग गेली. मामा भांडायला आले नाहीत. दारात उभं राहून एवढंच म्हणाले, “बाई, तळं खोल झालं, ह्ये बेस झालं. पर मेंढरू उतरायचं कुठनं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही तो प्रश्न आठवला की पोटात तुटतं.

त्या बैठकीला मामा नव्हते आणि असणं शक्यच नव्हतं. दिवाळीनंतर माणदेशातले धनगर मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात, ते मृगाच्या सुमाराला परततात. तळं कोरडं पडलं की आमच्या बैठका सुरू होतात, आणि नेमके तेव्हाच मामा गावात नसतात. ते येईपर्यंत ठराव होऊन गेलेला असतो. लहानपणापासून हे डोळ्यांसमोर आहे, पण बैठकीची तारीख धरताना एकदाही मनात आलं नाही.

म्हणून आज मीच गेले. तुटून गेलेल्या उसाच्या रानात मामांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडला होता. एका बाजूला घोडी, बिऱ्हाड आणि तीन दगडांची चूल, दुसऱ्या बाजूला जाळीच्या आत कोकरं. रानाच्या मालकाला लेंडीखत मिळतं, मामांना धान्य आणि पैसे. मामींनी शेळीच्या दुधाचा चहा दिला. मामांनी काठीच्या टोकानं मातीत तळं काढलं. भिंत, सांडवा, ओढ्याचं तोंड, सगळं जागच्या जागी. मग सांगायला लागले. एका पावलाला वीतभर उतार, त्याहून उभा नको. उतार पूर्वेच्या काठाला काढायचा नाही, कारण पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, सगळं शेवाळ आणि काटक्याकुटक्या पूर्वेला गोळा होतात आणि मेंढरू असलं पाणी तोंडाला लावत नाही. उतार रुंद हवा, दहा मेंढरं शेजारी शेजारी मावतील एवढा. नाहीतर मागची पुढच्यांना ढकलतात.

तिथूनच पुतण्याला फोन लावला. त्यानं अडीच फुटांचं पाऊल आणि नऊ इंचांची वीत धरून हिशोब केला आणि म्हणाला, “आत्या, हा तीनास एकपेक्षाही थोडा सौम्य उतार झाला. पुस्तकात बघून काढला असता तरी मी यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं.” मी फोन मामांच्या हातात दिला. दोघं पंधरा मिनिटं बोलत होते.

५ मे

कालचा दिवस बोअरवाल्याकडे गेला. हा माणूस मला कधीच आवडला नाही. विहिरी आटल्या की त्याच्या दारात गाड्या लागतात, म्हणजे आमचं काम नीट झालं तर त्याचा धंदा बसणार. त्याच्याकडे काय विचारायचं, असं समितीतल्या दोघांनी सुनावलंही. तरी गेले, कारण आमच्या शिवाराच्या पोटात काय आहे हे त्याच्याइतकं कुणीच पाहिलेलं नाही.

त्यानं कपाटातून तीन जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक बोअरची नोंद होती, कुणाचं रान, किती फुटांवर काय लागलं. मुरूम, मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांचा मऊ खडक, मग काळा पाषाण, मधे कुठे गेरूचा तांबडा थर, पुन्हा पाषाण. आणि पानापानावर एक शब्द, ‘धूळ’, म्हणजे पाणी लागलं नाही. तीनशे फूट, धूळ. चारशे वीस फूट, धूळ. कर्ज काढून घातलेल्या त्या भोकांपैकी कितीतरी मला माणसांसकट ओळखीची होती. पानं उलटताना मी गप्प झाले. तोही गप्प होता. मग म्हणाला, “बाई, मी नको म्हणलो तर ते दुसऱ्याची गाडी आणत्यात.” वह्या त्यानं घरी न्यायला दिल्या.

आज त्या घेऊन भूजल खात्यातून निवृत्त झालेल्या सरांकडे गेले. त्यांनी नकाशा पसरला आणि एकेक नोंद पेन्सिलीनं मांडत गेले. आपल्या दख्खनच्या खडकात पाणी राहतं ते मुख्यतः वरच्या मुरमात, मांजऱ्या थरात आणि भेगांत. अखंड काळ्या पाषाणात जागाच नसते. दुपारपर्यंत नकाशावर दिसायला लागलं की तळ्याच्या ओढ्याकडच्या अंगाला गाळाखाली मुरूम आहे आणि भिंतीकडच्या अंगाला जवळजवळ उघडा पाषाण. गेल्या वर्षी आम्ही सरसकट सगळीकडे सारखं खोदलं होतं. म्हणजे निम्म्या तळ्यात आम्ही जे पाणी साठवलं ते मुरायला नव्हतं, उन्हात वाफ व्हायला होतं.

सरांनी मला कागदावर एक साधं गणितही करून दाखवलं. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या शिवारावर ४५० मिलिमीटर पडला तर ४५० कोटी लिटर. हा आकडा मी ग्रामसभेत फळ्यावर लिहिणार आहे. यातलं किती मुरतं, किती वाहून जातं, किती आपण उपसतो, याचा ताळेबंद हिवरे बाजारनं वर्षानुवर्षं मांडला आणि त्यावरून पिकं ठरवली. आम्ही अजून विहिरीत दोर सोडून पाणी किती हात खाली गेलं एवढंच मोजतो आहोत. पण सुरुवात तिथूनच करायची.

परत येताना आजींच्या घरी डोकावले. १९७२ च्या दुष्काळात या तळ्याच्या कामावर त्या खडी फोडायला होत्या. थोरला मुलगा तेव्हा तान्हा, बाभळीला झोळी बांधलेली, दुपारी सुकडी मिळायची. हे सगळं मी पूर्वी ऐकलं होतं. आज पहिल्यांदा विचारलं की भिंतीच्या जागी आधी काय होतं. त्या म्हणाल्या, “उंबर हुता. उंबराखाली जिता झरा. त्यो काळ्या मातीनं दाबला, चार दिस आम्ही बायकाच माती तुडवत हुतो.” म्हणजे भिंतीचा चिकणमातीचा गाभा नेमका त्या झऱ्यावर बसला आहे. सरांना फोन केला तर ते ताडकन म्हणाले, भिंतीच्या पायाशी बादलीभरसुद्धा खोदू नका. या झऱ्याची नोंद कुठल्याही कागदावर नाही. ती आजींच्या पायांना आठवत होती.

९ मे

बैठक आज चार तास चालली. देवळाच्या ओट्यावर सतरंज्या कमी पडल्या.

सगळ्यांना बोलावलं की सगळं जुळतं, असं मला कुठेतरी वाटत होतं. तसं काही झालं नाही. सर म्हणाले, ओढ्याकडचा मुरूम पूर्ण मोकळा करा. मामांचा उतार नेमका तिथेच येतो. उतार ठेवायचा तर तेवढा गाळ तिथे राहणार. बागायतदारांचं म्हणणं, गाळ कमी मिळाला तर डिझेलचा खर्च आम्ही का सोसायचा? एकानं तर तळ्यातलं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरायची योजना मांडली. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. पाझर तलाव सगळ्या शिवाराच्या विहिरींसाठी आहे. जमिनीत मुरणारं पाणी वर काढून एकाच्या रानात उन्हाखाली ठेवायचं, याला माझी कधीच संमती नसेल. ऐकून घेणं आणि मान्य करणं यांत फरक आहे, एवढं शिक्षकीच्या तीस वर्षांनी मला नक्की शिकवलंय.

सगळ्यात अवघड प्रश्न बचत गटातल्या एका वहिनींनी विचारला. त्यांना ना जमीन ना ट्रॅक्टर. “गाळ फुकट, पण न्यायचा कुणी? ज्याला रान हाय त्यानं. मग तळं गावाचं कसं?” ओटा एकदम शांत झाला. मी विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीची गोष्ट सांगितली. पुरंदर तालुक्यात नायगावला १९७४ पासून त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर धरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. ते इंजिनिअर होते, कारखानदार होते, पण नियम ठरला तो दुष्काळी माणसांत बसून. आपल्याकडे ते जसंच्या तसं होणार नाही हे मलाही कळतं. पण वहिनींच्या प्रश्नाला हात घालायला त्यामुळे धीर आला. तासाभरानं ठरलं की दर दहा खेपांतली एक खेप गायरानाच्या तुकड्यावर टाकायची आणि तिथे बचत गटानं चारा करायचा. ट्रॅक्टर ज्याचा, डिझेल त्याचं. दोघं तणतणत उठून गेले, त्यातला एक परत येऊन बसला.

आणि खेपांची वही कुणी ठेवायची? निवडणुकीत आमच्याविरुद्ध उभे राहिलेले काका, ज्यांच्या घरी मी परवा दोन वर्षांनी पाय ठेवला, त्यांचं नाव मीच सुचवलं. त्यांचं रान तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. गेल्या वर्षी सांडव्यावर वाळूची पोती रचून पाणी चढवायचा विचार चालला होता, तेव्हा एकटे तेच ओरडले होते की भिंतीवरून पाणी गेलं तर माझं घर आधी जाईल. आम्ही त्याला राजकारण समजलो. आज सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती तासाभरात वाहून जाऊ शकते. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वही मात्र घेतली आणि तिथल्या तिथे रकाने आखले.

१३ मे

सकाळी सहालाच तळ्यात उतरलो. पुतण्यानं लेव्हल लावली, पोरांनी फक्कीच्या पाट्या धरल्या. उताराची जागा आम्ही थोडी उत्तरेला सरकवली आहे, म्हणजे सरांचा बराचसा मुरूम मोकळा होतो. पांढऱ्या रेघा पडल्या, छान दिसत होत्या.

मामा अजून वाड्यावरच आहेत. त्यांचे वडील, आबा, गावात असतात, डोळ्यांनी अधू, नव्वदीच्या आसपास. कुणी बोलावलं नव्हतं, पण नातवाचा हात धरून आले. रेघेच्या वरच्या टोकाला चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी उतरायला लागले, एकेक पाऊल दाबून, काठी पुढे टेकत. आम्ही सगळे काम थांबवून बघत होतो. सातव्या पावलाला थांबले. काठी तीनदा आपटली. आवाज वेगळा आला.

“हितं वर गाळ हाय पर खाली सपाट दगूड हाय. वल्ला झाला की खूर घसरंल.”

पोरांनी खुरप्यानं वीतभर उकरलं. खाली गुळगुळीत काळा पाषाण होता. पुतण्यानं लेव्हल उचलली, आणि आम्ही ती रेघ पुसून आबांच्या मागोमाग दुसरी टाकायला लागलो.