इस्रायली मवाळांचा हिशेब

आपल्याकडे मवाळ म्हटलं की गोखले आठवतात. इस्रायलमधला मवाळ मात्र बरेचदा निवृत्त कर्नल असतो. त्याच्या घरात ‘ममाद’ म्हणजे जाड काँक्रीटची सुरक्षित खोली असते, मुलगी सैन्यात असते, जावई ‘मिलुईम’वर, म्हणजे राखीव सैनिक म्हणून, महिनोन्‌महिने घराबाहेर असतो. पॅलेस्टिनी नेतृत्वावर त्याचा काडीचा भरवसा नसतो. आणि तरीही 1967 च्या युद्धात जिंकलेल्या वेस्ट बँकेतून कधीतरी बाहेर पडावंच लागेल, असं तो ठामपणे सांगतो. विश्वास नाही तर जमीन सोडायची कशाला, असं भारतातून बघणाऱ्याला वाटतं. त्याचं उत्तर असं, की विश्वास नाही म्हणूनच वाटणी हवी. भरवसा असता तर एका घरात राहिलो असतो.

मुळाशी आहे ती साधी बेरीज. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामध्ये साधारण 70 लाख ज्यू राहतात आणि जवळजवळ तितकेच अरब. त्यातले सुमारे 20 लाख अरब इस्रायलचे नागरिक आहेत, त्यांना मतदानाचा हक्क आहे. वेस्ट बँकेतले सुमारे 30 लाख आणि गाझातले सुमारे 20 लाख नागरिक नाहीत. सगळा प्रदेश ठेवून सगळ्यांना मत दिलं तर ज्यूंचं राष्ट्र उरत नाही. मत दिलं नाही तर लोकशाही उरत नाही. मवाळांचा सगळा डोलारा या दोन वाक्यांवर उभा आहे. पॅलेस्टिनींबद्दलचा कळवळा त्यात असेलही, पण वादात तो पुढे केला जात नाही. त्याने मतं मिळत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता भीती. नेतान्या शहराच्या किनाऱ्यापासून 1949 ची युद्धबंदी रेषा, म्हणजे ‘ग्रीन लाइन’, सुमारे 15 किलोमीटरवर आहे. देशाची पूर्ण रुंदी तिथे दादर ते गोरेगावएवढी. रेषेपलीकडे वेस्ट बँकेचे डोंगर, अलीकडे सपाट किनारपट्टी. बहुसंख्य लोकसंख्या, कारखाने आणि बेन गुरिओन विमानतळ सगळं खाली. ते डोंगर उद्या कोणाच्या हातात असतील, हा प्रश्न उजव्यांइतकाच मवाळांनाही झोपू देत नाही.

ही भीती नुसती कल्पनेतली नाही. 2005 मध्ये पंतप्रधान अरिएल शारोन यांनी गाझातल्या सर्व 21 ज्यू वसाहती आणि उत्तर वेस्ट बँकेतल्या 4 वसाहती उठवल्या. आठ हजारांच्या वर लोकांना, काहींना अक्षरशः उचलून, बाहेर काढलं. मागोमाग गाझातून सैन्यही निघालं. जानेवारी 2006 मध्ये पॅलेस्टिनी निवडणूक हमासने जिंकली आणि जून 2007 मध्ये गाझाचा ताबा बळाने घेतला. गाझालगतच्या स्देरोत गावात भोंगा वाजल्यापासून रॉकेट पडेपर्यंत 15 सेकंद मिळतात. ‘आम्ही निघालो आणि काय मिळालं?’ हे वाक्य इथे टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे म्हणतात. मवाळ त्याला दोन गोष्टी जोडतो. एक, ती माघार कराराशिवाय, एकतर्फी झाली. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्या हाती काहीच सोपवलं नाही, त्यामुळे श्रेय हमासने लाटलं. दोन, वसाहती काढणं आणि सैन्य काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच दिवशी करायची गरज नव्हती.

या दुसऱ्या मुद्द्यावरच आजचा मवाळ आराखडा बेतलेला आहे. ‘कमांडर्स फॉर इस्रायल्स सिक्युरिटी’ ही सैन्य, मोसाद आणि शिन बेत या गुप्तचर संस्था आणि पोलीस यांतल्या शेकडो निवृत्त वरिष्ठांची संघटना. त्यांनी 2016 मध्ये मांडलेली योजना थोडक्यात अशी: वेस्ट बँकेलगतचं कुंपण पूर्ण करा, कुंपणापलीकडे नवी वसाहत बांधू नका, पलीकडच्या ज्यांना परत यायचं असेल त्यांना भरपाई द्या, करार होईपर्यंत सैन्य मात्र जागच्या जागी ठेवा. इस्रायली लेखक मिखा गुडमन यांची ‘संघर्ष आकुंचित करा’ ही मांडणी आणखी सावध आहे. संघर्ष सुटणार नाही हे गृहीत धरायचं, पण पॅलेस्टिनी शहरांना जोडणारे अखंड रस्ते, बांधकामाला जास्त जमीन, परदेशप्रवासाची सोय अशा पावलांनी रोजचा ताबा कमी करायचा. 2021 च्या बेनेट-लापिद सरकारने ही भाषा उचलली; वर्षभरात सरकारच पडलं.

कुंपण का अपुरं राहिलं, हे समजून घेण्यासारखं आहे. दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे 2000 मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावात, सुमारे हजार इस्रायली मेले. मार्च 2002 मध्ये नेतान्याच्या पार्क हॉटेलात पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणावर झालेल्या स्फोटात 30 जण गेले. त्याच वर्षी काम सुरू झालं. नियोजित लांबी साधारण 700 किलोमीटर. बहुतेक ठिकाणी संवेदकांचं तारकुंपण, चर आणि गस्तीचा रस्ता. आठ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत शहरांलगत, थोड्याच भागात. आत्मघाती हल्ले झपाट्याने कमी झाले, हे मवाळ अभिमानाने सांगतो. त्यात वेस्ट बँकेतल्या लष्करी कारवायांचाही वाटा होता. पण रेषा सरळ गेली नाही. वसाहती आत घ्यायच्या म्हणून ती पूर्वेकडे वळवली गेली. सुमारे 85 टक्के मार्ग ग्रीन लाइनच्या पलीकडे, वेस्ट बँकेच्या हद्दीत जातो. शेतकरी एका बाजूला आणि त्याची ऑलिव्हची झाडं दुसऱ्या बाजूला, मध्ये ठरावीक वेळी उघडणारं फाटक, अशी स्थिती अनेक गावांत आहे. शिवाय काही टप्पे बांधलेच नाहीत आणि बांधलेल्या टप्प्यांना भोकं पडली. ती वर्षानुवर्षे बुजवली नाहीत, कारण त्यांतून विनापरवाना मजूर येत होते आणि बांधकाम व्यवसायाला ते हवेच होते.

परवाना असलेल्यांचं गणितही वाकडंच होतं. ऑक्टोबर 2023 मधल्या हमासच्या हल्ल्याआधी वेस्ट बँकेतले दीड लाखांच्या आसपास लोक इस्रायलमध्ये आणि वसाहतींत कामाला होते, गाझातून सुमारे 18 हजार परवाने होते. परवाना मिळवून देणारा दलाल महिन्याला दोन हजार शेकेलच्या आसपास उकळायचा. हल्ल्यानंतर जवळजवळ सगळे परवाने गोठवले गेले आणि इमारतींचे सांगाडे तसेच उभे राहिले. भारताशी थेट धागा इथे जुळतो. नोव्हेंबर 2023 मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला आणि सेंट्रिंग, लोखंड बांधणी, गिलावा आणि टाइल्स या चार कामांसाठी भारतीय कामगार यायला लागले. सप्टेंबर 2024 मध्ये भरतीची एक फेरी महाराष्ट्रातही झाली. येणाऱ्याने हे नीट समजून यावं, की ती जागा कोणाची तरी होती. आणि भाड्याच्या गाडीने फिरायला निघालात तर मोठ्या लाल पाटीपाशी थांबा: पुढे ‘अ’ क्षेत्र आहे, इस्रायली नागरिकांना प्रवेशबंदी आहे, आणि तुमच्या गाडीचा विमा बहुधा तिथे लागू नाही.

1995 च्या करारातली ही क्षेत्रं पाच वर्षांपुरती होती, आजही तीच चालू आहेत. पॅलेस्टिनी प्रशासनाकडचं ‘अ’ सुमारे 18 टक्के, कारभार पॅलेस्टिनींकडे पण सुरक्षा इस्रायलकडे असलेलं ‘ब’ 22, आणि पूर्णपणे इस्रायली ताब्यातलं ‘क’ 60 टक्के. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या ओस्लो कराराच्या वेळी, 1993 मध्ये, वेस्ट बँकेत (पूर्व जेरुसलेम सोडून) एक लाखाच्या थोडे वर वसाहतवासी होते. आता पाच लाखांच्या आसपास आहेत. मवाळ नकाशावाले सांगतात, की बहुसंख्य वसाहतवासी ग्रीन लाइनलगतच्या गटांत आहेत, तेव्हा चार-सहा टक्के जमिनीची अदलाबदल केली की ते जागीच राहतील. 2008 मध्ये पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी अब्बासांपुढे साधारण असाच नकाशा ठेवला होता. अब्बासांनी होकार दिला नाही. नकाशा अभ्यासायला हातात दिलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे पद सोडण्याच्या बेतात होते. पण गटांबाहेर लाखाहून जास्त लोक उरतात. गाझातले आठ हजार हलवताना देश ढवळून निघाला होता, आणि डोंगरावरचे हे लोक तर सर्वांत कट्टर. हिशेब अडतो तो इथे.

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 लोक मारले गेले आणि 251 ओलीस नेले गेले. गाझाच्या सीमेवरच्या किबुत्झांत, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गावांत, मवाळ आणि डाव्यांची वस्ती दाट होती. बेएरीमध्ये मारल्या गेलेल्या व्हिव्हियन सिल्व्हर ‘विमेन वेज पीस’ या शांतता चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होत्या. यानंतर कित्येक मवाळांनी ‘आता निदान एक पिढी तरी नाही’ असं म्हणून विषयच मिटवला. शनिवारी संध्याकाळी ओलिसांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांच्या फलकांवर ‘करार करा’ (म्हणजे ओलिसांच्या सुटकेचा) असायचं, ‘ताबा संपवा’ क्वचित. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार जुलै 2025 च्या अखेरपर्यंत तिथे साठ हजारांहून जास्त माणसं मारली गेली होती. हिब्रू वाहिन्यांवर ती फारच थोडी दिसली. मवाळांच्या भूमिकेतली सर्वांत मोठी फट माझ्या मते हीच: भिंतीपलीकडचं दिसू नये म्हणून भिंत मागणारे बरेच आहेत, आणि पलीकडे राहणाऱ्याला ते बरोबर कळतं.

कोकणातून आलेली, मराठी बोलणारी बेने इस्रायल ज्यू कुटुंबं दिमोना, अश्दोद, बेएरशेवा, लोद या गावांत आहेत. लोदमध्ये जवळपास 30 टक्के वस्ती अरबांची. मे 2021 मध्ये तिथे ज्यू-अरब दंगल पेटली, आणीबाणी लावावी लागली. तेल अवीवच्या कॅफेत वाटणीचा नकाशा सहज काढता येतो. लोदच्या जिन्यावर समोरच्या दाराचा शेजारी अरब असतो आणि तोही इस्रायलचाच नागरिक. तिथे कुंपण कुठून न्यायचं?

या सगळ्याचं संसदेतलं रूप आकड्यांत बघा. 120 जागांच्या क्नेसेतमध्ये मजूर पक्षाला 1992 मध्ये 44 जागा होत्या, 2022 मध्ये 4. डावा मेरेत्झ पक्ष 1992 मध्ये 12 वर होता, 2022 मध्ये 3.25 टक्क्यांच्या उंबरठ्याखाली जाऊन बाहेर फेकला गेला. सप्टेंबर 2022 मध्ये पंतप्रधान याईर लापिद यांनी संयुक्त राष्ट्रांत दोन राष्ट्रांच्या तोडग्याची बाजू घेतली होती. जुलै 2024 मध्ये पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधातला ठराव क्नेसेतमध्ये 68 विरुद्ध 9 मतांनी मंजूर झाला. मध्यममार्गी म्हणवणाऱ्या बेनी गांत्झ यांच्या पक्षाने ठरावाच्या बाजूने मत दिलं. लापिद यांचा पक्ष मतदानाआधीच सभागृहातून निघून गेला.