नाकावर टिच्चून

स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या रॉयल माईल या रस्त्यावर स्कार्फ, मग, किचेन, जे उचलाल त्यावर कुणाचं ना कुणाचं आडनाव. एका दुकानातल्या मुलीने माझं विचारलं, मी सांगितलं, तिने भिंतीवरच्या तक्त्यात खरंच शोधलं (मीही वेड्यासारखी तिच्याबरोबर शोधतेय) आणि मग म्हणते कशी, नाहीये, पण हजबंडचं काय आहे? डोकंच फिरलं माझं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मी आडनाव बदललेलं नाही, आणि हा प्रश्न पुण्यात कमी विचारतात म्हणून एवढं तिकीट काढून इथे ऐकायला आले का मी? आणि नवऱ्याचं तरी तिथे काय असणार होतं, डोंबल!

पुढचे तीन दिवस ग्लेन को वगैरे. सुंदर आहे, गर्दी आहे, फोटो इन्स्टावर टाकलेत.

मग बॅल्क्विडर नावाचं खेडं. मेन रोड सोडल्यावर रस्ता इतका चिंचोळा की समोरून गाडी आली की कुणीतरी रिव्हर्स घ्यायचा, आणि ते कुणीतरी दर वेळी आम्हीच. शेवटी एक पडकं चर्च, पाऊस, चावणारी चिलटं, आणि लोखंडी कठड्यात रॉब रॉय मॅकग्रेगर या इथल्या गाजलेल्या बंडखोराची कबर, शेजारी बायको आणि दोन मुलं. तो गेला 1734 साली, दगड मात्र बराच नंतरचा, आणि त्यावर कोरलंय 'मॅकग्रेगर डिस्पाइट देम'. नवरा म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर.

आणि मग मला तिथून हलवेना.

मॅक म्हणजे मुलगा, म्हणजे ग्रेगरचा मुलगा, एवढं साधं आडनाव. आपलं 'कर' गाव सांगतं, यांचं 'मॅक' बाप सांगतं. पण या आडनावावर चक्क बंदी होती. मॅकग्रेगरांच्या जमिनी हळूहळू कॅम्पबेल घराण्याच्या घशात गेलेल्या, मग चोऱ्यामाऱ्या, मारामाऱ्या, आणि 1603 च्या फेब्रुवारीत ग्लेन फ्रूनला मॅकग्रेगरांनी कहून घराण्यातल्या लोकांची कत्तल केली. बिचारे वगैरे अजिबात नव्हते हे. स्कॉटलंडच्या राजा जेम्सला तेव्हा नुकतीच इंग्लंडची गादी मिळालेली, 5 एप्रिलला तो लंडनला निघाला आणि निघायच्या दोन दिवस आधी हुकूम निघाला की मॅकग्रेगर हे नाव लावायचं नाही, लावलं तर मरण. पुढच्या जानेवारीत त्यांच्या सरदाराला एडिंबरामध्ये फाशी दिलं, म्हणजे ज्या रस्त्यावर आज त्याच नावाची किचेन विकतात तिथेच कुठेतरी! नंतर शस्त्रंही काढून घेतली, मांस कापायला बिनटोकाची सुरी तेवढी चालेल म्हणे.

लोक काय करणार, कुणी मरे झालं, कुणी ग्रँट, कुणी ड्रमंड, आणि कुणी तर कॅम्पबेलसुद्धा. 1661 ला बंदी उठली, 1693 ला परत आली, ती कायमची गेली 1774 ला. मग 826 जणांनी सही करून सरदार निवडला तो ईस्ट इंडिया कंपनीत, बंगालमध्ये नोकरी केलेला जॉन मरे! चार पिढ्या दुसऱ्याचं नाव लावून हे 826 जण आपण मूळचे कोण ते विसरले नाहीत, आणि मला पासपोर्ट ऑफिसच्या लायनीत उभं राहायचा कंटाळा म्हणून मी आडनाव बदललं नव्हतं, हे खरं कारण आज पहिल्यांदा लिहितेय. तत्त्व वगैरे नंतर चिकटवलं.

कबरीवर लोकांनी नाणी ठेवलेली, मी पर्स उपसून दोन रुपयांचं एक ठेवलं. नवरा तोवर गाडीत हीटर लावून बसलेला.

रात्री सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, मी उत्साहात ही सगळी गोष्ट सांगितली, बंदी, फाशी, दगड, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग त्या रॉब रॉयने इतकी वर्षं काय आडनाव लावलं? मी म्हटलं, आईचं, कॅम्पबेल.

"बघ," त्या म्हणाल्या, "त्याला आईचं चाललं. तुला सासूचं लावायला काय होतं?"

रेंज गेल्याचं सांगून मी फोन ठेवला.