औषधांच्या काऊंटरमागे दिवसभर उभे राहणाऱ्या पायांविषयी

मी पुण्यातल्या एका पेठेत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. त्यामुळे पायदुखीकडे काऊंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहणे माझ्या वाट्याला आपोआप आले आहे. समोरचे गिऱ्हाईक "टाच फार ठणकते हो, एखादं चांगलं मलम द्या" असे म्हणत असते, तेव्हा अलीकडच्या बाजूला माझेही पाय संध्याकाळच्या गर्दीने भरून आलेले असतात. मलम मागणाऱ्यांत शाळेतल्या शिक्षिका असतात, साड्यांच्या शोरूममधले विक्रेते असतात, पहाटेपासून शेगडीपुढे उभ्या असणाऱ्या पोळी-भाजी केंद्रातल्या बायका असतात, चौकातले वाहतूक पोलीस असतात आणि केस कापणारे कारागीरही असतात. दिवसभर पायांचे जे काही होते ते रात्री झोपताना लावलेल्या मलमाने निस्तरले जावे, अशी त्यांच्यापैकी बहुतेकांची अपेक्षा असते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. हे दुखणे कामाच्या तासांत तयार होते आणि त्याचा बराचसा बंदोबस्तही त्याच तासांत करावा लागतो. रात्रीचे उपाय पूरक म्हणून ठीक आहेत.

तासभर चालल्याने पाय जितके दुखत नाहीत तितके ते तासभर एका जागी उभे राहिल्याने दुखतात, याचा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. पायांकडून हृदयाकडे परत जाणारे रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचलले की पोटरी आवळली जाते, आतल्या शिरा दाबल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माणूस निश्चल उभा राहिला की हा पंप बंद पडतो. अशा वेळी घोट्याजवळच्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरपर्यंत चढतो आणि चालू लागताच तो 30 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्याच्या वर त्यांचे वळ उमटलेले दिसतात, त्याचे कारण या चढलेल्या दाबामुळे शिरांतून बाहेर झिरपलेले पाणी हेच असते. शिवाय उभे राहण्याचे काम करणारे तेच ते स्नायू तासन्‌तास किंचित आवळलेले राहतात, त्यांना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही आणि ते थकून दुखू लागतात. म्हणूनच "मी तर दिवसभर हललेसुद्धा नाही, मग पाय का दुखावेत?" या प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नातच असते.

सगळी पायदुखी मात्र एका जातीची नसते. दुखते कुठे आणि केव्हा हे विचारल्याशिवाय काहीही सुचवण्यात अर्थ नसतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, चार पावले चालल्यावर ती कमी होते आणि दिवसभर उभे राहिल्यावर पुन्हा डोके वर काढते, अशी तक्रार असेल तर बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखाली ताणून बसवलेला जाड पडदा, म्हणजे प्लांटार फॅसिया, दुखावलेला असतो. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते, त्यामुळे हा पडदा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. पुष्कळ लोक एक्स-रे दाखवून "टाचेचे हाड वाढले आहे" असे सांगतात. पण ते वाढलेले टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही दिसते, त्यामुळे केवळ त्याला पाहून घाबरण्याचे कारण नाही. चवड्याखाली जळजळते आणि दुखते तेव्हा पुढून निमुळत्या चपला-बुटांकडे किंवा उंच टाचांकडे संशयाने पाहावे. संध्याकाळी पोटऱ्या जड होऊन त्यांवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा फुगलेल्या दिसत असतील, तर तो व्हेरिकोज व्हेन्सचा प्रकार असतो आणि त्यावर टाचेच्या मलमाचा काही उपयोग होत नाही.

आता प्रत्यक्ष काऊंटरमागे काय करता येते ते सांगते. दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे चालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, परंतु गर्दीच्या वेळी तो जमत नाही हेही तितकेच खरे आहे. तेव्हा उभ्याउभ्याच काऊंटरला हात टेकवून दोन्ही टाचा सावकाश उचलाव्यात आणि सावकाश टेकाव्यात. बिल छापून येईपर्यंत दहा-बारा वेळा हे सहज होते आणि समोरच्याला कळतही नाही. गुडघे मागे ताठ करून उभे राहण्याची सवय अनेकांना असते, ती मोडून गुडघे किंचित सैल ठेवावेत. दुसरी युक्ती म्हणजे पायाशी चार ते सहा इंच उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवणे. त्याने कंबरेचा ताण कमी होतो आणि दोन्ही पायांना पाळीपाळीने सुटका मिळते. सुरुवातीला एखादा पाटही चालतो, फक्त तो येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नये.

पायाखालची फरशी हा तर कुणीच लक्षात न घेणारा भाग आहे. शहाबादी असो, ग्रॅनाइट असो वा चकचकीत टाइल्स, त्यांच्यात दबण्याचा गुण नसतो. साधारण पाऊण इंच जाडीची, कडांना उतार दिलेली, दाबल्यावर थोडी दबून परत वर येणारी रबरी चटई उभे राहण्याच्या जागी अंथरली तर थकवा पुष्कळांना कमी जाणवतो. पायपुसणे किंवा सतरंजीची घडी याला पर्याय नाही. ती एकतर सरकते किंवा दोन दिवसांत चपटी होते. खूप मऊ, गादीसारखी चटईही नको, कारण तिच्यावर तोल सांभाळण्यातच स्नायू दमतात.

पादत्राणांच्या बाबतीत माझा अनुभव असा आहे की लोक साडीवर जितका विचार करतात त्याच्या दशांशही विचार चपलेवर करीत नाहीत, मग भले ती चपल रोज दहा तास पायांत राहणार असो. खरेदी संध्याकाळी करावी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि सकाळी ठीक वाटलेले माप याच वेळी चावू लागते. दोन्ही पाऊले क्वचितच एका मापाची असतात, म्हणून मोठ्या पावलाप्रमाणे माप घ्यावे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवावी. बूट हातात घेऊन वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे; मधोमध घडी पडत असेल तर तो परत ठेवावा. टाचेमागची बाजू घट्ट असावी आणि तळ अगदी सपाट असण्यापेक्षा टाचेखाली थोडी उंची असलेला बरा. आमच्याकडे सर्रास मागितली जाणारी एमसीआर चप्पल, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या रबराची चप्पल, मुळात कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पावलांना जखमा होऊ नयेत म्हणून पुढे आली. त्या कामात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. आज ती मधुमेही लोक आणि टाचदुखीवाले घालतात. घरात वापरायला ती चांगलीच आहे, परंतु मागे पट्टा नसेल तर दिवसभराच्या कामासाठी मी ती सुचवत नाही, कारण ती पायातून निसटू नये म्हणून बोटे सतत आवळली जातात.

घरात चप्पल घालायची नाही हा आपल्याकडचा शिरस्ता आहे आणि तो मोडायला, विशेषतः स्वयंपाकघरात, अनेकींचा जीव धजत नाही. परंतु टाच दुखत असताना दुकानात चांगले बूट घालायचे आणि घरी येऊन दोन तास अनवाणी ओट्यापुढे उभे राहायचे, याला अर्थ उरत नाही. बाहेर कधीही न नेलेली, स्वच्छ धुतलेली एक जोडी केवळ घरासाठी ठेवली तर सासूबाईंचीही हरकत राहत नाही, असे माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांनी मला सांगितले आहे.

फॅसियाच्या दुखण्यावर व्यायामाचा उपयोग औषधापेक्षा अधिक होतो. सकाळी पाय जमिनीला लावण्यापूर्वीच पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, हाताने पाचही बोटे नडगीच्या दिशेने मागे ओढावीत आणि तळपायाचा पडदा धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला हाताला लागला की दहा आकडे मोजेपर्यंत तसेच धरावे. असे दहा वेळा करावे. जरा जुन्या दुखण्यासाठी जिन्याच्या पायरीवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच तीन सेकंदांत वर नेणे, दोन सेकंद थांबणे आणि तीन सेकंदांत खाली आणणे हा व्यायाम एक दिवसाआड करतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात तीन महिन्यांनंतर हा व्यायाम करणाऱ्यांना केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडलेला दिसला, मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांत फारसा फरक राहिला नाही. त्यातून मी एवढेच घेते की जो व्यायाम तुमच्याकडून नियमाने होईल तो करावा. बहुसंख्य लोकांची टाच वर्षभरात बरी होते, परंतु आठवड्यात फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडून देणारेच मला अधिक भेटतात.

संध्याकाळी घरी आल्यावर पंधरा मिनिटे पाय भिंतीला लावून वर ठेवल्याने सूज उतरते. पाणी भरून गोठवलेली बाटली जमिनीवर ठेवून तिच्यावर तळपाय मागेपुढे फिरवल्याने मसाज आणि बर्फ दोन्ही एकदम मिळतात. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसल्याने बरे वाटते यात शंका नाही, फक्त ते श्रेय कोमट पाण्याचे आणि बसण्याचे आहे. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासण्याबद्दलही हेच म्हणेन. तूप काळे पडते ते अंगातली उष्णता निघाल्यामुळे नव्हे, काशातल्या तांब्याची स्निग्धाशी प्रक्रिया झाल्यामुळे. पण दमलेल्या पायांना कुणी अर्धा तास चोळून देणार असेल तर नाही म्हणू नये. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी मात्र गरम पाणी, शेक आणि बर्फ या तिन्हींपासून दूर राहावे, कारण त्वचा भाजलेली त्यांना कळतच नाही.

औषधांविषयी बोलायचे तर डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे जेल थोड्या दिवसांपुरते लावायला हरकत नसते, परंतु त्याच जातीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मागणाऱ्यांना मी नाही म्हणते आणि त्याबद्दल बोलणीही खाते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा पोटातला अल्सर असलेल्या माणसाने त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे असते. टाच दुखते म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या नेणारेही पुष्कळ असतात. फॅसियाच्या दुखण्याशी त्यांचा संबंध नाही. घोट्यांवर सूज दिसली की मी आधी कोणती औषधे चालू आहेत ते विचारते. रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात आणि सारा दोष बिचाऱ्या उभे राहण्याच्या नोकरीवर जातो. अर्थात ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगायचे असते. तळपायांची रात्री आग होत असेल तर साखर तपासावी, आणि बरीच वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर रक्तातले बी-12 जीवनसत्त्वसुद्धा. शिरांच्या सुजेसाठीचे दाब देणारे मोजे उपयोगी असतात, पण ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवायचे असतात, आणि पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते घातकही ठरतात, म्हणून ते विचारूनच घ्यावेत. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून गरम आणि दुखरी झाली, तर मलम, मोजे, व्यायाम सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते.

राहता राहिला बसण्याचा प्रश्न. पेठेतल्या जुन्या कापड दुकानांत विक्रेताही गादीवर बसलेला असे. शोरूम आल्या आणि तो उभा राहिला. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या पुणेरी पद्धतीची कितीही थट्टा झाली, तरी पायांच्या दृष्टीने ती शहाणपणाचीच होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 44 मध्ये उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवण्याची तरतूद होती, पण दुकान म्हणजे कारखाना नव्हे. केरळमध्ये कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सहकारी महिलांनी कापड दुकानांतल्या बायकांसाठी बसण्याचा हक्क मागितला, तेव्हा 2018 मध्ये तिथला कायदा बदलला, आणि 2021 मध्ये तमिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. मी पूर्वी जिथे काम करीत असे तिथल्या मालकांना बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस वाटत असे. आताच्या दुकानात स्टूल आहे. स्टूल घेताना बसल्यावर कोपर काऊंटरच्या उंचीला यावे आणि पाय टेकवायला खाली आडवी दांडी असावी, नाहीतर लोंबकळणाऱ्या पायांना बसूनही सूज येते. आणि दुकानात दोघे असतील तर स्टूलही दोन घ्यावीत, कारण एकच असले की ते नेहमी वयाने मोठ्या असलेल्याकडे जाते.