मेणवलीचा घाट आणि बर्फाची पिशवी

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथून कृष्णेवर उतरणारा घाट मला चार बाय पाच इंची फिल्मवर घ्यायचा होता. तिपाई रोवून डोक्यावर काळं कापड घेतलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय ओ साहेब, मोजणी आलीय का?" नाही म्हटलं, आत डोकावू दिलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर घाटावरचं देऊळ उलटं बघून आजोबा खूश!

कॅमेरा वर वळवला की देवळाच्या कडा आत कलतात. म्हणून तो सपाट ठेवून फक्त लेन्स वर सरकवली. शिखर मावलं आणि खांबही सरळ राहिले. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर आणलेली पोर्तुगीज घंटा इथे टांगली आहे. तिच्या छपराखालच्या सावलीचं मीटरने रीडिंग घेतलं आणि त्याहून दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव पटच प्रकाश दिला, की सावली काळीच राहते पण आतला दगड दिसतो. फिल्म इल्फर्ड एफपी ४ (कृष्णधवल), लेन्सचं छिद्र एफ ३२, वेळ पाव सेकंद.

खरी कसरत घरी, फिल्म डेव्हलप करताना. ही फिल्म लाल दिव्यातही चालत नाही. रात्री बाथरूममध्ये दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा आणि सगळं बोटांनी ओळखायचं: शीट उभी धरून कडेच्या खाचा वर उजव्या कोपऱ्यात लागल्या, की इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, आपल्याकडे.

डेव्हलपरसाठी पुस्तकांत दिलेला २० अंशांचा आकडा थंड देशांतल्या नळांचा आहे. एप्रिलमध्ये आमच्या नळाला तीसच्या आसपासचं पाणी येतं. बर्फ घालून वीसवर आणता येतं, पण टिकत नाही. मी डी-७६ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक मिसळून घेतो, २४ अंशांवर थांबतो आणि ११ ऐवजी साडेसात मिनिटं देतो. बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या टबात. डेव्हलपरमध्ये टाकला तर तो पातळ होतो. हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाला. शेवटचं विसळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे क्षाराचे डाग पडत नाहीत. वाळत घातल्यावर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद, मग घरचे काहीही म्हणोत.

स्कॅनिंगला मी २४०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २४०० ठिपक्यांच्या, पुढे जात नाही. त्यातच ९६०० बाय १२००० ठिपके, म्हणजे साडेअकरा कोटी पिक्सेल. १६ बिट ग्रेस्केलमध्ये फाइल सव्वादोनशे एमबीच्या वर. चकचकीत बाजू काचेला टेकली तर इंद्रधनुषी वलयं उमटतात, म्हणून होल्डरने फिल्म जरा उचलून धरावी. स्कॅनरची धूळ पुसणारी सोय इथे बंदच ठेवायची. ती अवरक्त किरणांवर चालते आणि फिल्मवरची चांदी तेही अडवते, त्यामुळे चित्रालाच धूळ समजते. आकाशातला एकेक ठिपका हातानेच पुसायचा. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, प्रिंट किती मोठी काढायची ते ठरल्यावर.