फडताळावरचे मासे

रविवार, रात्र

आज अखेर फडताळाच्या दारांवरचा शेवटचा हात वाळला. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये कमरेएवढे पाणी शिरले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा गुडघ्यापर्यंत. आजीचे हे जड फडताळ दोन्ही वेळा जागचे हलले नाही. शेजारचे प्लायवूडचे कपाट पहिल्याच पुरात जुन्या वहीसारखे थराथराने सुटले. फडताळाचे सागवान मात्र टिकले. फुटल्या त्या दारांच्या खालच्या दोन फळ्या, ज्या आजोबांनी काटकसर म्हणून आंब्याच्या लाकडाच्या बसवून घेतल्या होत्या.

त्या फुटण्याला केवळ पंचगंगेला दोष देता येणार नाही. पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन आम्ही दारे थेट उन्हात उभी केली. लाकडाची वरची बाजू झटकन सुकून आकसते, आतला भाग ओलाच राहतो आणि त्या ओढाताणीत ते तडकते. सावलीत, वाऱ्यावर, काही आठवडे राहू दिले असते, तर आज इतक्या भेगा बुजवाव्या लागल्या नसत्या.

रंगवायचे ठरले तेव्हा सुतारमामा दारात उभे राहून म्हणाले, "ताई, सागवानाला रंग फासायचा म्हंजे बाशिंगाला चिखल लावल्यागत हाय." मला ते पटले. चांगल्या सागाच्या रेषा झाकून त्यावर फुले काढण्याची जी हौस हल्ली जिकडेतिकडे दिसते, ती मला मुळीच रुचत नाही. म्हणून वरच्या फळ्यांना नुसते पॉलिश आणि रंग फक्त खालच्या, डागडुजी केलेल्या फळ्यांना, अशी आमची तडजोड झाली.

खरे काम रंगाचे नव्हतेच. भेगांत भुसा आणि फेविकॉल कालवून भरायचा, तो पुरता वाळू द्यायचा, मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवायचा, तोही रेषांच्या दिशेनेच. आडवा फिरवला की ओरखडे रंगाखालूनही डोकावतात. तळहात फिरवून भेग कुठे होती ते समजेनासे झाले, तेव्हाच प्रायमर लावला.

नक्षी सुचली ती सावंतवाडीच्या गंजिफावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या गोल पत्त्यांवरून. दशावतारी गंजिफाची पाने १२०, म्हणजे दहा अवतारांची प्रत्येकी १२. तिथले चितारी पानांना चिंचोक्याची खळ लावून मग चित्रे काढीत आणि वर लाखेचा हात देत. पाणी जिथवर चढते तिथवर पाण्यातलेच अवतार असावेत, असा माझा हट्ट. म्हणून डाव्या फळीवर मत्स्य आणि उजवीवर कूर्म.

लाखेच्या त्या लोभानेच घात केला. मासे ॲक्रिलिक रंगात काढून पूर्ण झाले होते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने वर फिरवली, आणि दुसऱ्याच फेऱ्याला माशांचे तांबडे पर मागच्या पिवळ्या रंगावर ओघळू लागले. वाळलेला ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, पण स्पिरिटने सुटतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. अख्खी फळी घासून पुन्हा पहिल्यापासून काढली आणि या खेपेस पाण्यात मिसळणारे व्हार्निश मऊ ब्रशने, बोळा न फिरवता, दोन हात दिले. एका माशाचा पर किंचित फिसकटलेला राहिला आहे. तो मी मुद्दाम ठेवला असे सगळ्यांना सांगते, पण खरे म्हणजे कंटाळा आला.

संध्याकाळी आईने चटणीच्या बरण्या वरच्या कप्प्यात लावल्या. खालच्या कप्प्यात मी जुने अंक ठेवायला गेले, तर तिने हात धरला.

"गौरी-गणपतीपर्यंत खाली काय ठिवायचं न्हाई."

अंक पुन्हा माळ्यावर गेले.