एम२: पहिले दोन हजार किलोमीटर अन् ५५०० ची रेघ

मंडळी, ओडोमीटर २३१२ किलोमीटर. गाडी घरी येऊन सात आठवडे झाले, दोन हजारची सर्व्हिस गेल्या शनिवारी उरकली, म्हणलं आता बसून सगळं लिहून काढावं. माझ्या मशीनिंगच्या शेडवर मशीनचं लॉगबुक ठेवायची सवय आहे म्हणून गाडीची भी वही पहिल्या दिवसापासून लिहायलोय, त्यातूनच हे उतरवतोय, थोडं मागंपुढं होईल तेवढं सांभाळून घ्या.

गाडी बीएमडब्ल्यू एम२, सध्याची पिढी म्हणजे जी८७, झँडवूर्ट निळा रंग, सहा गियर, तीन पेडल. मॅन्युअल घेतली म्हणून लई जणांनी फोन करून समजावलं, की ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन मीटर टॉर्क आहे अन् शंभरला ४ सेकंद लागतात, मॅन्युअलला ५५० अन् ४.२, मग तेवढेच पैसे घालून कमी कशाला घ्यायलास. आकडे बरोबरच आहेत. पण मी अठराव्या वर्षी वाळूजला लेथवर उभा राहिलो, मशीन आधी हाताला कळतं हे तिथंच शिकलो, अन् एवढा पैसा जन्मात एकदाच एका गाडीत घालायचा तर हातापायाला काम पाहिजेच होतं मला. २०१० ला आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या होत्या, आठवतंय ना. तेव्हा मी दुसऱ्याच्या शेडमध्ये सेकंड शिफ्टला होतो. त्या दिवसापासून मनात गाडीच होती, फक्त कोणती ते ठरायला दहा वर्षं गेली.

किलोमीटर ० ते २३५

पुण्यातून डिलिव्हरी घेतली, सोबत अप्पा. शेजारच्या सीटवर बसायला जरा वाकावं लागलं त्यांना, बसल्यावर पहिला प्रश्न, "आरं, एवढ्या पैशाच्या गाडीला क्लच कसा काय?" म्हणलं अप्पा, मुद्दाम घेतलाय. मग नगरपर्यंत काही बोलले नाहीत, नुस्तं माझ्या हाताकडं बघत होते, अन् नगर सोडल्यावर म्हणाले, "बरं केलंस. गाडी हाकल्यासारखी वाटती." कायगाव टोक्याचा पूल लागला तेव्हा उन्हं उतरली होती. अप्पांनी काच खाली घेऊन गोदावरीला हात जोडले, इथून पुढं आपला मराठवाडा, मी भी मनातल्या मनात जोडले.

गाडीबद्दल त्या दिवशीचं एकच लिहिलेलं आहे: "क्लच वाटला तेवढा जड नाही, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घाई करायची नाही." ते आजही खरं आहे. थंड असताना दुसरा गियर जरा अडून पडतो, दहा मिनिटं गेली की लोण्यासारखा.

५५०० ची रेघ का

आता मुख्य मुद्दा, ज्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिले २००० किलोमीटर ५५०० आरपीएमच्या वर जायचं नाही, १७० च्या वर जायचं नाही, अन् एकाच आरपीएमवर तासन् तास धरून भी ठेवायचं नाही. टायरची पूर्ण पकड यायला साधारण ३०० किलोमीटर लागतात, ब्रेक पॅड अन् डिस्क एकमेकाला बसायला ५००. बरेच जण म्हणतात की हे जुन्या काळचं, आता मशीनिंग एवढं चांगलं झालंय की गरज नाही. मला हे पटत नाही, अन् का पटत नाही ते सांगतो, कारण हा माझ्या रोजच्या धंद्यातला विषय आहे.

या इंजिनाचं नाव एस५८. सरळ रेषेत सहा सिलिंडर, २९९३ सीसी, दोन टर्बो, ८४ मिमी बोअर अन् ९० मिमी स्ट्रोक. क्रँकशाफ्ट फोर्ज केलेला. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, पण सिलिंडरला वेगळी लोखंडी स्लीव्ह नाही, आतून वायर वितळवून लोखंडाचा पातळ थर फवारलेला असतो अन् तो होन केलेला, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत केलेला असतो. हेडच्या कास्टिंगचे कोअर, म्हणजे ओतताना आतल्या पोकळ्या तयार करणारे साचे, थ्रीडी प्रिंट केलेले, का तर कूलिंगच्या वाटा पाहिजे तशा वळवता येतात. आता कितीही बारीक होन करा, पृष्ठभागावर शिखरं अन् दऱ्या राहतातच, मायक्रॉनमध्ये का होईना. पिस्टनची रिंग त्या शिखरांवरून फिरत फिरत ती झिजवते अन् मग नीट बसते. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरच्या, दातांचं तसंच. झिजलेला माल कुठं जातो? ऑइलमध्ये. म्हणून तर २००० ला इंजिन ऑइल अन् डिफरन्शियलचं ऑइल दोन्ही बदलतात. नवीन गियरबॉक्स बसवल्यावर पहिलं ऑइल काढून हातावर घेऊन बघा कधी, चकाकी दिसती त्यात. ज्यानं बघितलंय तो रनिंग-इन, म्हणजे नवीन गाडी सुरुवातीला अशी जपून चालवणं, टाळायचं म्हणणार नाही.

तर मी ठरवलं की रेघ म्हणजे रेघ. अन् झालं काय, की त्या रेघेनंच मला गाडी शिकवली.

कारण बघा, या इंजिनाचा पूर्ण टॉर्क २६५० च्या आसपासच येतो. म्हणजे २६५० ते ५५०० हा सगळा पट्टा पहिल्या दिवसापासून आपलाच आहे, रेघेच्या पलीकडं राहिले ते ५५०० ते ७२०० एवढेच. दुसऱ्या गियरमध्ये ५५०० ला पंच्याऐंशीच्या घरात वेग होतो, तिसऱ्यात १३० च्या आसपास. आपल्याकडच्या रस्त्यावर याच्या पुढं कायद्यानं भी जागा नाही अन् अकलेनं भी नाही. मग खेळ राहतो तो गियर कोणता, सुई कुठं, अन् पाय किती, एवढाच. तिसरा गियर, वेग ६०, सुई २५०० वर, तिथून पेडल नुस्तं अर्धं दाबायचं, टर्बो भरल्याची चाहूल लागती न लागती तोवर मागची चाकं जमीन धरतात अन् पाठ सीटला टेकती. ४८० हॉर्सपॉवर पूर्ण वापरली नाही तरी ती तिथं आहे हे पायाला सतत कळत राहतं.

३०० ते ९००: खुलताबादच्या फेऱ्या

सलग चार रविवार पहाटे साडेपाचला निघून दौलताबादवरून खुलताबाद, भद्रा मारुतीचं दर्शन, मग वेरूळला चहा अन् परत. दौलताबादच्या जुन्या दरवाज्यातून गाडी काढताना पहिल्यांदा श्वास रोखला होता, गाडी १८८७ मिमी रुंद आहे, आरशांचं वेगळं. आता सवय झाली.

पुढचा घाट छोटाच आहे पण मला तिथं सगळ्यात जास्त समजलं. एम३, एम४ पेक्षा हिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११० मिमी कमी आहे, २७४७ मिमी. वजन मात्र १७०० किलोच्या आसपास, म्हणजे हलकी गाडी अजिबात नाही. पण वळणावर तोंड घालायचं म्हणलं की घालती, अन् मागचा भाग तुमच्या कमरेखालूनच वळतो असं वाटतं, कारण तुम्ही बसलेले जवळजवळ मागच्या चाकापाशी असता. पहिल्या फेरीला मी वळणात ब्रेक धरून ठेवत होतो. तिसऱ्या फेरीला कळलं की ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, दुसरा किंवा तिसरा गियर आधीच घ्यायचा, वळणाच्या मध्यापासून पेडल हळूहळू उघडत जायचं. वाकडं स्टिअरिंग अन् जास्त पेडल एकत्र दिलं की ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो, गाडी स्वतःच पॉवर कापती. तो दिवा माझा मास्तर आहे सध्या. ट्रॅक्शन कंट्रोल कमी करायचे दहा टप्पे दिलेत, मी एकाला भी हात लावलेला नाही, अन् सार्वजनिक रस्त्यावर लावणार भी नाही.

डिसेंबरची थंडी होती, पहाटे बारा-तेरा डिग्री. मागं २८५/३० आर२० अन् पुढं २७५/३५ आर१९, टायर असे असले तरी थंड असताना पकड कमी असते हे प्रत्यक्ष अनुभवलं, एका गोल चौकात दुसऱ्या गियरमध्ये एवढंसं दाबलं तर मागचा भाग सरकला, लगेच सावरला पण सरकला. तेव्हापासून पहिले आठ-दहा किलोमीटर गाडी अप्पांना दवाखान्यात न्यायलोय अशी चालवतो.

रेव्ह मॅचिंग, म्हणजे खालचा गियर घेताना गाडी स्वतःच आरपीएम जुळवून घेती ते, बंद करता येतं हे लई जणांना माहीत नाही. स्टिअरिंगवर आपल्या पसंतीची सेटिंग साठवायची एम१ अन् एम२ अशी दोन बटणं आहेत. मी एम१ बटणावर ते चालू ठेवलंय, इंजिन स्पोर्ट, सस्पेन्शन कम्फर्ट. एम२ बटणावर बाकी सगळं तेच, फक्त रेव्ह मॅचिंग बंद. टाच अन् पंजा एकाच वेळी वापरून, ब्रेक धरलेला असतानाच पेडल देऊन आरपीएम स्वतः जुळवायचा सराव करायलोय, दहातले सहा बरोबर पडतात. बरोबर पडला की गियर असा बसतो की बसलेला कळतच नाही.

११००: पंक्चर

मागच्या उजव्या टायरमध्ये बोल्ट घुसला. प्रेशरचा इशारा स्क्रीनवर आला तेव्हा रात्रीचे नऊ, गावाबाहेरचा रस्ता. या गाडीत स्टेपनी नाही हे घेताना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. किटमधला पंप लावून हवा भरत भरत पोहोचलो. पंक्चरवाला पोरगा हुशार होता, पण जॅक कुठं लावू विचारायला लागला, अन् त्याचा जॅक गाडीखाली जाईचना. शेवटी दोन फळ्यांवर गाडी चढवून जॅक सरकवला. दोरीचं पंक्चर नको म्हणलं, टायर खोलून आतून पॅच लावून घेतला, रिमला जुन्या टायरचं रबर लावून मशीनवर धरलं त्यानं, एक ओरखडा नाही.

दुसऱ्याच दिवशी शेडवर जॅक पॉइंटचं माप घेऊन नायलॉनच्या रॉडमधून चार पॅड काढले, वर खाचेत बसणारा भाग मिल केला, आता डिकीत जॅकसोबत तेच असतात.

१२०० ते १७००: तुळजापूर

गाडी देवीला दाखवायची राहिली होती. आई मागच्या सीटवर बसायचं म्हणाली, बसली भी, पण बीडलाच पुढं आली अन् बायको मागं गेली. मागची सीट लेकरांची आहे, मोठ्यांची नाही, हे सरळ सांगतो. पाचोड, शहागड, गेवराई, बीड, पुढं धाराशिव, जाऊन येऊन पाचशे किलोमीटर. सीझन उसाचा, त्यामुळं अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. हेडलाइट चांगले आहेत म्हणून वेग वाढवायचा नाही, अशा रस्त्यावर सकाळ होईपर्यंत ७० च खरं.

मांजरसुंब्याचा घाट मात्र मनासारखा मिळाला. दोन टँकर पुढं होते, ते डावीकडं झाले, तिसऱ्या गियरमध्ये वर चढत गेलो, आवाज दरीत घुमला अन् आई म्हणाली, "बाई बाई, काय दम हाय हिला." शंभर किलोमीटरचं बोलणं नसेल एवढं त्या एका वाक्यात आलं.

कम्फर्टमध्ये सस्पेन्शन चालवून घेण्यासारखं आहे. कडक आहे, पण आदळत नाही. स्पोर्ट प्लस आपल्याकडं कशाला हा मला प्रश्न आहे, एकदा लावून बघितलं, पाचोडच्या पुढं पाच किलोमीटर, परत काढलं. स्पीड ब्रेकरवर तिरपी घालायची, घरच्यांसह भरलेली असेल तर एकेक चाक करून. पुढच्या बंपरचा खालचा ओठ दोनदा घासला, दोन्ही वेळा गावातल्या ब्रेकरवर, पट्टे मारलेले नसलेल्या.

ॲव्हरेज: लिटरला तुळजापूर फेरी १०.४ किलोमीटर, शहरात ५.८. टाकी ५२ लिटरची, म्हणजे लांबच्या प्रवासात साडेचारशेला पंप बघायला लागायचं. ९५ ऑक्टेनचंच टाकतोय, ते आपल्या शहरात मिळतं, आडगावी मिळेलच असं नाही, म्हणून निघतानाच फुल करतो.

१९३४: सर्व्हिस, अन् त्याच्या पुढं

पुण्यात सर्व्हिस झाली, दोन्ही ऑइल बदलली. जुनं ऑइल बघायला मिळेल का विचारलं, दाखवलं त्यांनी. बोटावर घेतलं, चकाकी होती, अगदी बारीक. समाधान वाटलं.

परत येताना २००० चा आकडा शिरूरच्या पुढं पडला. मागं ट्रक, पुढं ट्रक, काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सावंगीवरून समृद्धीवर गेलो. इतके दिवस समृद्धी टाळली होती कारण तिथं सहाव्या गियरमध्ये १२० ला सुई २८०० वर धरून तासभर जाणं म्हणजे रनिंग-इनच्या बरोबर उलटं काम. पंधरा किलोमीटर गरम केली. ऑइल गरम होत गेलं तसा आरपीएम मीटरवरचा लाल पट्टा वर सरकत गेला. मग वेग कमी केला, आरशात कुणी नाही, पुढं कुणी नाही, दुसरा गियर घेतला अन् पहिल्यांदा पेडल खालपर्यंत.

५५०० पर्यंत माझी ओळखीची गाडी होती. तिथून पुढं आवाज बदलला. जड घरघर संपून एकदम ताणलेला, स्वच्छ, नवीन स्पिंडल पूर्ण स्पीडला जातो तेव्हा शेडमध्ये जो सूर लागतो ना, तसला. ७२०० ला तिसरा घेतला, तोवर वेग ११३ च्या आसपास, समृद्धीच्या १२० च्या आत. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. जालन्याला उतरलो, चहा घेतला, अन् परत येताना पूर्ण रस्ता सहाव्यातच आलो, दुसऱ्यांदा करावं वाटलं नाही, एकदाचंच पुरलं.

आता पुढं अलाइनमेंट तपासायचीय, पुढच्या ओठाला फिल्म लावायचीय, अन् एखाद्या रविवारी कन्नडवरून औट्रम घाट. जॅक पॅडबद्दल तिघांनी विचारलंय. ज्यांना पाहिजे त्यांनी आपापल्या गाडीच्या पॉइंटचं माप व्हर्नियरनं घेऊन कळवा, टेपनं नको, रविवारी शेडवर एक मशीन मोकळं असतं.