मुलाला एकटे पाठवू नका, सोबत बसा

योगवर्गात मुलाचे नाव घालायला आलेल्या पालकांना मी फीच्या आधी एक अट सांगते. घरातील किमान एका मोठ्या माणसाने मुलाबरोबर जमखान्यावर बसले पाहिजे. आई, वडील, आज्जी, अज्जा, काका, कोणीही चालेल. पण भिंतीला टेकून मुलावर लक्ष ठेवण्यासाठी नव्हे, तर स्वतः आसन करण्यासाठी. काही पालकांना ही अट जाचक वाटते. ट्यूशनला सोडून येतो, कराटेला सोडून येतो, मग इथेच आम्ही कशाला, असे ते विचारतात. दारात उभ्याउभ्या त्याचे उत्तर पुरेसे देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आमचा वर्ग बेळगावच्या वडगावात एका देवळाच्या सभामंडपात भरतो. शेजारच्या गल्ल्यांत यंत्रमाग आहेत आणि त्यांचा खडखडाट वर्ग सुरू असताना थांबत नाही. वर्गात मागावर काम करणाऱ्यांची मुले आहेत, उद्यमबागेतील कारखान्यांत जाणाऱ्यांची आहेत, येळ्ळूरच्या वाटेवर भातशेती असलेल्यांची आहेत. बहुतेकांच्या घरी मराठी बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड. त्यामुळे सूचना मी दोन्ही भाषांत देते आणि मुले त्या एकमेकांना समजावूनही सांगतात. दाराशी एक बुट्टी ठेवलेली असते. आत येताना मोठ्यांनी आपले मोबाइल त्या बुट्टीत ठेवायचे, असा नियम आहे आणि तो मुलेच काटेकोरपणे पाळून घेतात.

ध्यान शिकवायचे तर शांत जागा हवी, असा सर्वसाधारण समज आहे. पण या मुलांच्या घरी शांतता नाही, आणि जी गोष्ट घरी मिळणार नाही तिच्यावर सराव उभा केला तर तो वर्गापुरताच राहतो. म्हणून आम्ही सुरुवात ऐकण्यापासून करतो. सर्वांनी बसायचे, डोळे मिटायचे किंवा जमिनीकडे नजर ठेवायची, आणि आधी सर्वांत लांबचा आवाज शोधायचा, मग सर्वांत जवळचा. मागाचा आवाज सर्वांनाच ऐकू येतो, परंतु त्याच्या आड आणखी काय ऐकू येते ते हळूहळू उलगडते: प्रदक्षिणा घालणाऱ्याची पावले, पावसाळ्यात पन्हाळीतून पडणारे पाणी, शेजारी बसलेल्या आईच्या बांगड्या. एका मुलीने एकदा सांगितले की तिच्या वडिलांचा माग इतर मागांपेक्षा वेगळा वाजतो आणि तो बंद पडला की तिला घरबसल्या कळते. वडील शेजारीच होते, आणि त्यांना हे ठाऊक नव्हते. लक्ष देणे म्हणजे काय हे मला त्या दिवशी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

या सरावाला आज सर्रास ‘माइंडफुलनेस’ म्हटले जाते. त्याचे जे रूप जगभर पसरले, त्याचा पाया जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात घातला, आणि तो कार्यक्रम दीर्घकालीन दुखण्यांनी त्रासलेल्या प्रौढ रुग्णांसाठी होता. ही गोष्ट मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी असे मला वाटते. प्रौढांसाठी आखलेली अर्ध्या तासाची बैठक जशीच्या तशी सात वर्षांच्या मुलावर लादणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मी ढोबळ हिशेब ठेवते तो असा की जितके वय तितकी मिनिटे, आणि तीसुद्धा सलग असलीच पाहिजेत असे नाही.

श्वासाच्या बाबतीतही हेच लागू आहे. विश्रांतीत असलेले शाळकरी मूल मिनिटाला साधारण १८ ते २५ वेळा श्वास घेते, तर प्रौढ माणूस १२ ते २० वेळा. मोठ्यांच्या मोजमापाने ‘चार आकड्यांत घ्या, आठ आकड्यांत सोडा’ असे सांगितले की मूल गुदमरते, खांदे वर उचलते आणि पुढच्या श्वासासाठी धडपडते. म्हणून लहान मुलांना आकडे न देता आम्ही पोटावर पिशवी ठेवतो. मागावरच्या उरलेल्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून त्यांत मूठ-दोन मुठी तांदूळ भरले आहेत. मुलाने पाठीवर निजायचे, पिशवी बेंबीवर ठेवायची आणि ती वर कधी येते, खाली कधी जाते एवढेच बघायचे. श्वास लांबवा, पोट फुगवा, असे काहीही सांगायचे नाही. थोड्या वेळाने पिशवीची हालचाल आपोआप संथ होते. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण त्या वेळी मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव वाढतो. श्वास सोडण्याचा काळ लांबला की शरीर शांत होऊ लागते, त्याचे एक कारण हे आहे. मोठ्या मुलांना मी हे सांगते, आणि मनगटावर बोट ठेवून नाडी तपासायलाही लावते. लहानग्यांना त्याची गरज नसते. “टीचर, पिशवी झोपूलाय,” असे एकाने कुजबुजत सांगितले, तेवढे पुरे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मोठ्यांनी का बसावे?

वृक्षासन आम्ही जोडीने करतो. मूल आणि मोठे माणूस समोरासमोर उभे राहतात, तळहात एकमेकांना लावतात आणि एक पाय उचलतात. मुलांचे सांधे लवचीक असल्याने त्यांचा पाय सहज वर जातो. दिवसभर मागाजवळ उभे राहिलेल्या वडिलांचा पाय मात्र पोटरीच्या वर जात नाही आणि तोल जातो. मग मूल म्हणते, “बाबा, माझ्याकडं बघू नका, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडं बघा की.” नजर स्थिर झाली की तोल सावरतो, ही गोष्ट मुलाने स्वतः अनुभवलेली असते आणि ती तो वडिलांना शिकवतो. घरात जो नेहमी ऐकून घेतो त्याला काही सांगण्याची संधी मिळते आणि जो नेहमी सांगतो तो ऐकतो. हा बदल आसनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे. ज्या घरात वडील मुलासमोर डगमगले आहेत आणि दोघेही पुन्हा उभे राहिले आहेत, त्या घरात गणित चुकल्यावरचे बोलणेही बदलते, हे मला अनेक आयांनी सांगितले आहे.

योगाची परंपरा पाहिली तरी हेच दिसते. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो आणला. परंतु आधी ते स्वतः रोज नमस्कार घालत. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या घरात तर गीता आणि प्रशांत ही त्यांची मुले वडिलांना पाहत, त्यांच्याकडून शिकतच मोठी झाली आणि पुढे स्वतः शिक्षक झाली. अय्यंगारांच्या प्रवासाला आपल्या बेळगावचाही एक धागा आहे. १९३७ मध्ये त्यांना योग शिकवण्यासाठी पुण्याला बोलावण्यात ज्यांचा पुढाकार होता ते डॉ. व्ही. बी. गोखले त्याआधी बेळगावात सिव्हिल सर्जन होते. पुढे पुण्यात डॉ. गोखले शरीराची रचना समजावून सांगत आणि अय्यंगार तेच आसनातून करून दाखवत. हे मी वर्गातील पालकांना आवर्जून सांगते, कारण योग हे दुसरीकडून आलेले काही नवे खूळ आहे असे मानणाऱ्यांना आपल्या गावाचा त्यातील वाटा ठाऊक नसतो.

केवळ शाळेत शिकवून काय साधते, याची एक मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आहे. ‘मिरियाड’ नावाच्या त्या संशोधनात ८० हून अधिक शाळांतील ११ ते १४ वयोगटाची ८००० हून अधिक मुले सहभागी होती आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. माइंडफुलनेसचे धडे मिळालेल्या मुलांचे मानसिक आरोग्य, शाळेचे नेहमीचे सामाजिक-भावनिक शिक्षण मिळालेल्या मुलांपेक्षा चांगले आढळले नाही. मात्र बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता, आणि ज्या शिक्षकांनी हे प्रशिक्षण घेतले त्यांचा थकवा काही काळ तरी कमी झाला होता. या संशोधनाचा अर्थ अनेकांनी ‘मुलांना ध्यान शिकवणे व्यर्थ’ असा लावला. मला तो तसा वाटत नाही. घरी कोणी करत नसताना मुलाने एकट्याने डोळे मिटून बसावे ही अपेक्षाच अवास्तव आहे, आणि तीच अपेक्षा आपणही २१ जूनला, योगदिनी, मुलांना मैदानावर रांगेत उभे करून, छायाचित्रे काढून, २२ जूनपासून सगळे विसरून जाऊन करत असतो.

आपल्या भागात कुटुंबाने एकत्र बसण्याची सवय मुळात आहे, हे आपले भाग्य आहे. आमच्या वर्गातल्या ज्या घरांत संध्याकाळी हरिपाठ होतो, त्यांना मी वेगळा वेळ काढायला सांगत नाही. हरिपाठ सुरू होण्याआधी पाच मिनिटे सर्वांनी तसेच बसायचे, तीन-चार वेळा भ्रामरी करायची आणि मग टाळ हातात घ्यायचे. भ्रामरीत कानांवर हात ठेवून ओठ मिटून गुंजारव केला की उच्छ्वास आपोआप लांबतो, शिवाय मुलांना तो आवाज डोक्यात घुमताना मजा वाटते. एका घरातल्या आज्जींना मांडी घालून बसता येत नाही, त्या खुर्चीवर बसतात आणि नातवाला म्हणतात, “तू सरळ बस गा, मी बघूलो नाही, मी पण डोळे मिटूलो.” ज्या घरांत हरिपाठ नाही तेथे जेवणाआधीची पाच मिनिटे चालतात. सूर्यनमस्कारात मंत्र म्हणायचे की आकडे मोजायचे हे मी प्रत्येक घरावर सोडते. वर्गात मुस्लिम घरांतली मुलेही आहेत, ती आकडे मोजतात आणि कोणाच्याही नमस्कारात काही उणे राहत नाही.

मागावर रात्रपाळी असलेल्या वडिलांना संध्याकाळ जमत नाही. त्यांनी सकाळी घरी आल्यावर, मूल शाळेला निघण्यापूर्वी, त्याच्या शेजारी पाच मिनिटे मकरासनात, म्हणजे पोटावर पालथे, पडून राहावे. यात शिकण्यासारखे काही नाही असे वाटेल, पण थकलेले शरीर जाणीवपूर्वक सैल सोडणारा बाप पाहणे हेच त्या मुलाचे शिक्षण असते.

काही गोष्टींबाबत मी कडक आहे. लहान मुलांना शीर्षासन मी शिकवत नाही, कारण मानेवर येणारा भार त्यांच्या वयाला झेपणारा नाही. भस्त्रिका, कपालभाती हे जोरजोराने श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार आणि श्वास रोखून धरणेही नाही. जेवणानंतर दोन-तीन तासांनीच आसने करावीत. मुलाचा पाय ओढून, पाठ दाबून आसन ‘पूर्ण’ करून घेऊ नये, पालकांनीही नाही आणि शिक्षकांनीही नाही. हात लावण्यापूर्वी मुलाला विचारावे आणि त्याने नको म्हटले तर तेथेच थांबावे. काही मुलांना डोळे मिटले की भीती वाटते. त्यांना डोळे उघडे ठेवू द्यावेत, त्यावरून चिडवू नये आणि कारण खोदून विचारू नये. शिक्षा म्हणून ध्यानाला बसवणे तर पूर्णपणे टाळावे, कारण त्या मुलाच्या मनात शांत बसणे आणि अपमान यांची गाठ कायमची पडते.

योगाने सगळे बरे होते असे सांगणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, खाणे-खेळणे टाकले असेल, स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर वर्गाची वाट न धरता डॉक्टरांची धरावी. धारवाडमध्ये मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था ‘डिमहान्स’ आहे, आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या, फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य फोन करता येतो. हा क्रमांक आमच्या सभामंडपाच्या फळ्यावर लिहिलेला आहे आणि कोणी तो उतरवून घेताना दिसले तर आम्ही त्याला काहीही विचारत नाही.

राहिला प्रश्न दहावीच्या मुलांचा. एसएसएलसीची परीक्षा जवळ आली की पालकांना एकाग्रतेची घाई होते आणि फेब्रुवारीत अचानक वर्गात गर्दी वाढते. त्या वेळी आलेल्या मुलांना मी फक्त एकच गोष्ट देते: प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर पेन उचलण्याआधी दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि सावकाश पाच वेळा श्वास सोडायचा. बाकीचे परीक्षेनंतर. या वयातली मुले आई-वडिलांसोबत बसायला अनेकदा साफ नकार देतात, आणि त्यांना जबरदस्तीने आणू नये. पालकांनी मात्र आपले बसणे चालू ठेवावे, मुलाला टोमणा न मारता आणि ‘बघ, आम्ही करतो’ असे न दाखवता. आमच्याकडे एक आई नववीतल्या मुलाने येणे सोडल्यावरही पूर्ण पावसाळाभर एकटी येत राहिली. मुलगा परत वर्गात आला नाही. मार्चमध्ये पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री तो पलंगावरून उठून आईच्या शेजारी जमिनीवर येऊन निजला आणि म्हणाला, ती तांदळाची पिशवी कुठं ठेवलीस.